एका गटातले दोन ऊस

बेलकाठीच्या अंबूबाईचा आवाज गावात फार थोड्यांनी ऐकला होता. ती मुकी नव्हती, घुमी नव्हती, आणि शहाण्या लोकांना वाटे तशी गरीब गायही नव्हती. तिला बोलण्यापेक्षा काम सोपं जायचं, एवढंच. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या हमालाची ही मुलगी. कृष्णाकाठी, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या या गावात सून म्हणून आली, तोवर ऊस तिनं पाहिला होता तो रेल्वेच्या फाटकाशी खोळंबलेल्या बैलगाड्यांवर. पण दोन वर्षांत पाणी कोणत्या सरीत आधी सोडायचं हे ती नवऱ्यालाही दाखवायला लागली. तेसुद्धा तोंडानं नाही, स्वतः खोरं घेऊन पुढं होत.

घर तसं मोजक्या माणसांचं. थोरले दीर हंबीरराव पलटणीतून हवालदार होऊन परतले होते, पेन्शन आणि हुकूम दोन्ही बरोबर घेऊन. गाव त्यांना हवालदार म्हणे, त्यांची बायको मनुबाईसुद्धा तेच म्हणे. धाकटा मानसिंग, म्हणजे अंबूबाईचा नवरा, मातीत राबणारा. त्याला दोन मुली झाल्या, आणि मुलगा व्हायच्या आधीच उसाचं खोडकं पायात घुसल्याचं निमित्त होऊन तो धनुर्वातानं गेला. सांगलीच्या दवाखान्यातून त्याला ट्रकनं घरी आणला तेव्हा अंबूबाई रडली नाही, म्हणून बायका महिनाभर कुजबुजत होत्या. रडायला जी सवड लागते ती तिला मिळालीच नव्हती. उसाला पाणी द्यायचं होतं.

थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. काही सांगायचं झालं तर ते जावेला सांगायचं, आणि दीर ऐकू येईल एवढ्या अंतरावर असताना सांगायचं. "आक्का, पेंड संपली म्हणावं," असं अंबूबाई भिंतीकडं बघून म्हणे, आणि ओसरीवरून हवालदारांचा आवाज येई, "आणतो म्हणावं." या पद्धतीनं त्या दोघांनी दहा-बारा वर्षं एका घरात काढली आणि एकमेकांचा शब्द म्हणून थेट ऐकला नाही. हसण्यासारखं आहे खरं. पण अशा रीतींवर गावंच्या गावं चालत आली आहेत, आणि चांगली चालली आहेत, जोवर घरात सगळ्यांचं पोट भरलेलं आहे तोवर.

सासरे गणपतराव मोठे न्यायी माणूस. मरायच्या आधी त्यांनी दोन्ही मुलांना शेतात नेलं, जमीन पावलांनी मोजली, मधोमध दगडमातीचा बांध घातला आणि बांधावर नारळ फोडला. इकडचं थोरल्याचं, तिकडचं धाकट्याचं. गुंठ्याचाही फरक नाही. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या सारख्या. उसाचं बेणं एकाच फडातलं, लागण एकाच महिन्यात. कुणी म्हणालं, तलाठ्याकडं कागद करून घ्या, तर म्हातारा म्हणाला, "बांध हाय की. कागद पावसात भिजतोय, बांध न्हाई भिजत." बांधही भिजतो, आणि वाहूनही जातो, हे त्या शेतकऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण वाटणी कागदावर गेली की घर फुटलं असं लोक म्हणतात, आणि म्हाताऱ्याला घर फुटलेलं दाखवायचं नव्हतं. तेव्हा सातबारावर नाव राहिलं ते थोरल्याचं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. त्या बाजूला दहांतली नऊ घरं अशीच वाटलेली आहेत. तोंडानं वेगळी, कागदावर एक.

कारखान्याला उसाची नोंद द्यायची तर ती सातबाराप्रमाणं द्यावी लागे. म्हणून दर साली त्या गटातून, म्हणजे सातबारावरच्या त्या एका नंबरातून, दोन नोंदी जात आणि दोन्ही नोंदींवर नाव एकच: हंबीरराव गणपतराव. कुणाचा फड कुठला हे कारखान्याच्या स्लिपबॉयला, दादासोला, ठाऊक असे. हा दादासो गावातलाच. फडात येऊन ऊस बघायचा, तोडीची चिठ्ठी हातात द्यायची, एवढं त्याचं काम. एक चिठ्ठी तो हवालदारांच्या ओसरीवर देई, दुसरी मागल्या दाराला. मानसिंग गेल्यावरही त्यानं दोन नोंदी तशाच घातल्या, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग आणीबाणी उठल्यानंतरचा तो हंगाम आला. ऊस एवढा झाला, की कुणी कुणाचा विचारायला नको. साखरेला गिऱ्हाईक नाही, गुळाला भाव नाही, कारखाना दिवसरात्र चालूनही फड उभेच्या उभे. अशा वेळी माणूस आधी आपलं बघतो. लवकर तोड मिळावी म्हणून लोकांनी एकाच फडाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी घालून ठेवल्या होत्या. एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक मुंबईत गिरणीत असलेल्या भावाच्या. तोडकऱ्यांची टोळी चिठ्ठी घेऊन फडावर जाई तेव्हा तो फड आधीच तुटलेला असे, आणि खरा पाळीवाला मागं बोंब मारत बसे. शेवटी संचालकांनी ठराव केला, की यादी साफ करायची. दुबार नोंद दिसेल ती काटायची. जी उरेल तिलाच तोड. आणि जी काटली तिच्यावर पुन्हा चर्चा नाही.

ठराव ठीकच होता, काही वाईट नव्हता. वाईट एवढंच, की तो टेबलावर बसून राबवायचा होता.

माघ महिना सरत आला. हवालदारांचा ऊस तुटून गेला. बांधाच्या अलीकडचा अंबूबाईचा ऊस तुरे काढून उभा राहिला. चिठ्ठी आली नाही. तिनं दादासोला वाटेत गाठलं तेव्हा तो सायकलवरून उतरला, पण तिच्याकडं बघेना.

"वैनी, तुमची नोंद काटली."

"कुणी?"

"हापिसात. दुबार म्हून काटली. मी सांगितलं, दोन फड हायेत. तर म्हणत्यात, कागद आण."

अंबूबाई आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याची पायरी चढली. शेतकी खात्याच्या लांब खोलीत तीन टेबलं जोडून त्यावर तक्ता पसरलेला होता. जाड कागदाचे ताव एकाला एक डिंकानं चिकटवलेले. टोक टेबलावरून खाली लोंबत होतं. एक कारकून दुसऱ्या वहीतून वाचायचा, आणि नानासो म्हणून एक चाळिशीचा कारकून, कानामागं तांबडी पेन्सिल, तक्त्यावर पट्टी सरकवत ती ओळ शोधायचा. "बेलकाठी." "हं." "आप्पासो रामजी, गट अमुक." "हाय." "तोच, परत." "काटला." पेन्सिल सर्रकन फिरायची. दोघांच्या आवाजात राग नव्हता, लोभ नव्हता, झोप होती. दारात बाई उभी आहे हे बराच वेळ त्यांना कळलं नाही.

तिनं पदर कपाळावर ओढून आपलं गाऱ्हाणं सांगितलं, अडखळत. नानासोनं पट्टी मागं नेत ओळ काढली. माणूस तो वाईट नव्हता. त्यानं तिला जवळ बोलावून बोटानं दाखवलं. वाचता तिला येत नव्हतं, तरी दोन ओळी सारख्या आहेत हे डोळ्यांना दिसत होतं. नाव तेच, बापाचं नाव तेच, गट तोच. क्षेत्र सारखं, कारण सासऱ्यानं वाटणी सारखी केली होती. उसाची जात सारखी, कारण बेणं एका फडातलं होतं. लागणीचा महिना सारखा, कारण पाणी एका विहिरीचं होतं. म्हाताऱ्याचा सगळा न्याय त्या तक्त्यावर येऊन गुन्हा ठरला होता. खालच्या ओळीवर तांबडी रेघ होती.

"आता तुम्हीच सांगा बाई, मी काय ओळखू?" नानासो म्हणाला.

"फड बघाय या की. मधी बांध हाय."

"अशा हजारो ओळी आहेत. मी फड बघत फिरलो तर हा तक्ता कोण संपवणार?" मग जरा खालच्या आवाजात तो म्हणाला, "खरं सांगू? ज्यांनी लबाडीनं दोनदा घातली त्यांनी नावं बदलून घातली. ती मला सापडत नाहीत. सापडतात ती तुमच्यासारखी, सरळ घातलेली." तो एक सुस्कारा टाकून पुढं म्हणाला, "गट ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडून एक ओळ लिहून आणा. वाटणी झालेली आहे, फड वेगळा आहे, एवढंच. मी स्वतः साहेबांपुढं ठेवतो."

एक ओळ. अंबूबाई हलक्या पायांनी घरी आली. तिला वाटलं, एवढंच ना.

संध्याकाळी ती चुलीपाशी जावेला म्हणाली, "आक्का, आमचा ऊस वायला हाय म्हून एक वळ लिवून द्या म्हणावं. कारखान्यात मागत्यात."

ओसरीवर सुपारी कातरायचा आवाज थांबला. मनुबाई भाकरी थापायची थांबली. मग हवालदारांचा आवाज आला, मऊ, समजूत घातल्यासारखा. "तिला म्हणावं, लिवायचं कशाला? घर एकच हाय. आमी काय परके हाय व्हय?"

"ऊस वाळतुया म्हणावं," अंबूबाई भिंतीला म्हणाली.

"एक हंगाम गेला तर काय आभाळ कोसळत न्हाई. पाडवा झाला की तिचाबी ऊस काढून टाकू, बांध मोडू, ट्रॅक्टरनं एकच नांगरट करू. बाईमाणसाला शेती झेपत न्हाई. दोन पोरी हायेत, त्यांची लग्नं आमीच करणार हाय की."

त्या रात्री अंबूबाईला झोप लागली नाही, आणि त्यात काही नवल नाही. तिला सगळं लख्ख दिसलं होतं. हवालदारांनी ही चाल आखली नव्हती. ते तसे डोकेबाज नव्हतेच. कारखान्यानं एक रेघ मारली आणि त्यांना आयतं सापडलं, की कागदावर एकच आहे, तर मग जमिनीवर दोन का? मुलगा नसलेल्या भावाच्या विधवेची जमीन अशीच जाते. कुणी हिसकावत नाही. नुसती एक ओळ लिहून देत नाहीत. एकदा ऊस गेला, बांध गेला, एक नांगरट झाली, की पुढच्या साली ती आपला तुकडा कशानं दाखवणार होती? बोट कुठं ठेवून म्हणणार होती, हे माझं?

पुढचे आठवडे ती वणवण फिरली. पोलीस पाटील तात्याबांकडं गेली, ते म्हणाले, "पोरी, घरातलं घरात मिटव." संचालकांच्या वाड्यावर गेली, तिथं तिला ताक दिलं आणि साहेब साताऱ्याला गेलेत म्हणून सांगितलं, दोनदा. गुऱ्हाळवाल्याकडं गेली, त्यानं हातच जोडले. त्याच्या दारात दहा गाड्या ऊस सुकत पडला होता. लोणंदहून भाऊ भाऊसो आला, तो बहिणीची दशा बघून म्हणाला, "चल, पोरींना घिऊन माज्याकडं. कांदं निवडायला जाशील." तो मनापासून म्हणत होता. तिनं त्याला जेवायला वाढलं. जायचं तर कुठंही जाता येतं. पण ती गेली की बांध मोडायला पाडव्याचीसुद्धा वाट बघायची गरज उरणार नव्हती, हे त्या भोळ्याला कोण सांगणार?

कारखान्याच्या खोलीत ती आणखी दोनदा जाऊन आली. नानासो तिला बघून आता मान खाली घालायचा. तक्ता संपून त्याची पक्की प्रत निघाली होती, आणि पक्क्या प्रतीत तर काटलेली ओळ दिसतही नव्हती. पहिल्या तक्त्यावर निदान रेघेखाली नाव होतं. आता रेघही नाही. "बाई, माझ्या हातात काही नाही हो," तो म्हणाला, आणि ते खरं होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

ऊस वाळत चालला. कांडी पिचली तर आत कापूस दिसायचा. उंदरांनी बुडखे पोखरले. रोज सकाळी ती फडात शिरे, एखादा ऊस मोडून चाखून बघे, आणि थुंकून बाहेर येई. ज्या उसाखातर नवऱ्याच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी ती पाण्यावर उभी राहिली, तो तिच्या डोळ्यांदेखत मरत होता. माणूस आजारी पडलं तर निदान डॉक्टर तरी येतो. इथं बघायलाही कुणी येत नव्हतं. कधी कधी तिला वाटे, विहीर जवळच आहे. मग मुली शाळेतून यायच्या आणि ती भाकरी टाकायला उठायची.

पाडवा जवळ आला तसे तोडकऱ्यांचे तळ उठायला लागले. गाळप आठवड्यात बंद होणार असं सगळे बोलत होते. त्या दिवशी ओढ्यापाशी दादासो भेटला. शेजारच्या गावात कुणाचा फड जळाला होता आणि दादासो तिकडं चिठ्ठ्या घेऊन निघाला होता.

"काटलेल्या नोंदीचा हाय त्यो?" तिनं विचारलं.

"जळिताला नोंद बघत न्हाईत, वैनी. आजच्या आज न्हेला न्हाई तर उद्या चिपाड व्हतंय. टोळी पाठवावीच लागती, पाळी असू दे न्हाईतर नसू दे." आणि मग तिच्या तोंडाकडं बघून तो चपापला. "पर तसलं काय मनात आणू नगा. लय जणांनी मुद्दाम पेटवाय धरलंय. साहेबांनी नवा दंडक काढलाय. दर तर कापत्यातच, वर मुद्दाम पेटीवला असं दिसलं, तर ज्याचा ऊस त्याची फुडल्या सालची नोंद बंद. पंचनामा करत्यात आता."

"बरं," अंबूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं म्हशीचं दूध काढलं, मुलींना शाळेत धाडलं आणि काड्यापेटी कनवटीला खोचली. वारा पडलेला होता. तिच्या फडाच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या दोन अंगांना गाडीवाट, आणि चौथ्या अंगाला बांध. बांधापलीकडं हवालदारांच्या तुटलेल्या फडात बुडख्यांतून खोडवा नुकता हिरवा फुटत होता. तिकडं जळण्यासारखं काही नव्हतं. हे सगळं तिनं दोनदा फिरून पाहिलं. डोकं तिचं ठिकाणावर होतं. मानसिंगच्या चितेला अग्नी दिला तो दिराच्या थोरल्या मुलानं. बाईनं अग्नी द्यायची रीत नव्हती. ही काडी मात्र तिनं स्वतः ओढली, वाळलेल्या पाचटाला लावली आणि मागं सरली.

उसाची आग पाहिलेल्याला सांगायला नको. आधी नुसता तडतड आवाज, मग एकदम भडका, आणि मग काळ्या पाचटाची राख गावभर. अर्ध्या घटकेत लोक धावत आले. अंबूबाई गाडीवाटेवर उभी होती. पदर डोक्यावरून घसरला होता, आणि तो सावरायचं तिच्या ध्यानात नव्हतं. ती रडत होती. नवरा गेला तेव्हा राहिलेलं सगळं रडणं तिला त्या वाटेवर आलं, लोकांसमोर, आवाज काढून.

दुपारी जीप आली. शेतकी अधिकारी उतरले, मागून काखेत तक्त्याची गुंडाळी घेऊन नानासो, आणि दादासो सायकलवर. पोलीस पाटील तात्याबा आले. हवालदार आले, धोतराचा सोगा हातात धरून. मनुबाई बायकांच्या घोळक्यात मागं राहिली. फड जळून काळा झाला होता, ऊस मात्र अजून उभा होता. पाचट जळतं, कांडी राहते.

साहेबांनी नानासोला गुंडाळी उघडायला सांगितली. "या गटात नोंद किती?"

"एक, साहेब. तोडून झालेली."

"मग हा कोणता?"

नानासोनं एकदा अंबूबाईकडं पाहिलं.

साहेब हवालदारांकडं वळले. "गट तुमच्या नावावर. नोंद तुमची. तर ऊसही तुमचाच. टोळी देतो, दर कापला जाईल. आणि हा लागलेला दिसत नाही, लावलेला दिसतो. वाटेच्या कडेनं सरळ पेटत गेलाय. पुढच्या साली तुमची नोंद घेतली जाणार नाही. नानासो, लिहा."

हवालदारांचा हिरवा खोडवा समोर दिसत होता. त्याची नोंद बंद म्हणजे तो पुढच्या साली असाच उभा राहणार, तुरे काढत, वाळत. ते त्यांना त्या क्षणी किती स्वच्छ कळलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. मऊ आवाज गेला.

"माजा न्हाई साहेब ह्यो. माजा गेला तुटून. ह्यो तिचा हाय. आमच्या धाकट्याच्या मंडळीचा."

"गट एकच आहे."

"गट एक असू दे. वाटणी झालीया आमची. वडिलांनी जितेपणी केलीया. त्यो काय बांध, दिसतुया की. सगळ्या गावाला ठावं हाय. तात्याबा, सांगा की."

पाटील म्हणाले, "व्हय, झालीया. नारळाला मी हुतो."

"लिहून देता?"

"देतो की."

जी ओळ माघापासून मिळत नव्हती ती हवालदारांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्या उभ्या लिहून दिली, आणि खाली पलटणीतल्यासारखी सही केली. नानासोनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. मग तो अंबूबाईपाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, आता विचारतील, कुणी पेटवला. माहीत नाही म्हणा. कुणाची विडी पडली म्हणा. दर थोडा कापतील, पण नोंद वाचेल."

पाटलांनीही तेच सुचवलं, मोठ्यानं. "साहेब, वाटेवरनं शंभर माणूस जातंय. पडली आसंल कुणाची तरी विडी. अज्ञात म्हून लिवा, आन् मिटवा."

साहेबांनी खांदे उडवले. त्यांना अजून दोन फडांवर जायचं होतं. आणि तेवढ्यात हवालदार पुढं झाले. विडी म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर पुन्हा रंग आला होता. "तसं आसंल तर मग साहेब, उगं वाटणी-बिटणी कशाला लिवायची. घर एकच हाय. द्या त्यो कागद हिकडं. हुता तसा माज्याच नावावर राहू दे ऊस." आणि त्यांनी नानासोच्या हातातल्या कागदाला हात घातला.

अंबूबाई पुढं आली. डोक्यावर पदर नव्हता. ती भिंतीकडं बोलली नाही, जावेकडं बोलली नाही. ती दिराच्या तोंडाकडं बघून बोलली, आणि गावानं तिचा आवाज त्या दिवशी ऐकला.

"कागदाला हात लावू नगा. ऊस माजा हाय. मी पेटीवलाय."

हवालदारांचा हात कागदावरून मागं आला. मागं बायकांत मनुबाईनं तोंडाला पदर लावला.

"समजतंय का बाई काय म्हणताय?" साहेब म्हणाले. "पुढच्या साली तुमची नोंद होणार नाही. तुम्ही नोंद द्याल आणि आम्ही घेणार नाही."

"कळतंय."

"मग कशाला कबूल करताय?"

"कुणाची नोंद घ्यायची न्हाई, ते लिवावं लागंल का न्हाई तुमास्नी?"

साहेबांना ते लगेच कळलं नाही. नानासोला कळलं. त्यानं गुंडाळी जीपवर पसरली, हवालदारांच्या ओळीखाली पट्टी धरली आणि शाईचं पेन काढलं. "नाव सांगा, बाई. पुरं."

तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मग नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली. ते तिनं कधी उच्चारलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा लाजत घेतलेलं एकदाच. तेही तिनं घेतलं. अंबूबाई मानसिंग. बांधाच्या अलीकडचा फड. चतुःसीमा: ओढा, गाडीवाट, गाडीवाट आणि बांधापलीकडं हंबीरराव गणपतराव. शेऱ्यात नानासोनं लिहिलं, खातेदारानं स्वतः पेटवल्याचं कबूल, पुढील हंगामाची नोंद बंद.

"वाचा," अंबूबाई म्हणाली.

त्यानं सगळं वाचून दाखवलं. दंडाचा शेरासुद्धा.

"परत वाचा," ती म्हणाली.